होकायंत्राशेजारची वायर

मासेमारी नौकेच्या केबिनमध्ये जीपीएस, फिशफाइंडर, व्हीएचएफ यांची आधीच दाटी झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेचा आरंभ झाला, तिच्यातून देशभरातल्या एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसायचे आहेत. या गर्दीतच ऑटोपायलट घेणारे इलेक्ट्रॉनिक होकायंत्रही बसवतात. ते विकत घेताना मालक चार दुकाने फिरतो, घासाघीस करतो. पण ते कुठे बसवायचे आणि आजूबाजूच्या वायरी कुठून न्यायच्या, हे ज्याच्या हातात ड्रिल असेल त्याच्यावर सोपवून मोकळा होतो. माझ्या मते खरी काळजी इथेच घ्यायला हवी. साधे होकायंत्र योग्य जागी बसले तर उत्तम चालते. भारी यंत्र चुकीच्या वायरीला चिकटून बसले, तर ते ठळक आकड्यांत चुकीची दिशा दाखवते आणि त्या आकड्यांवर तांडेलाचा विश्वास बसतो.

हे यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक मोजते आणि कोकण किनाऱ्यावर तो सुमारे ३८ मायक्रोटेस्ला इतकाच असतो. आता चोवीस व्होल्टवर चालणारा २४० वॉटचा दिवा घ्या. त्याच्या वायरीतून १० अँपिअर विद्युतप्रवाह वाहतो. ही एकेरी वायर यंत्रापासून १० सेंटिमीटरवर असेल, तर तिचे स्वतःचे क्षेत्र तिथे २० मायक्रोटेस्ला भरते, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून जास्त. वाईटात वाईट मांडणीत दिशा २५ अंशांहून अधिक चुकते. साठ सागरी मैलांच्या वाटेवर एका अंशाची चूक बोटीला सुमारे एक मैल बाजूला नेते. बाकीचा हिशेब वाचकांनीच करावा. यावर ‘कॅलिब्रेशन करून घेऊ’ असे ठरलेले उत्तर मिळते. शांत पाण्यात बोट सावकाश गोल फिरवली की यंत्र आसपासच्या लोखंडाचा परिणाम ओळखून वजा करते, हे खरे आहे. पण लोखंड जागचे हलत नाही, विद्युतप्रवाह मात्र बटणासरशी येतो आणि जातो. दिवसा दिवे बंद ठेवून केलेले कॅलिब्रेशन रात्री दिवे लागताच फोल ठरते, आणि दिशेची गरज सर्वांत जास्त रात्रीच असते. म्हणून वायरीची चूक वायरीतच दुरुस्त करावी लागते. दिव्याकडे जाणारी आणि परत येणारी तार एकमेकींना पीळ देऊन न्यावी, म्हणजे दोघींची क्षेत्रे एकमेकांना खोडतात. यंत्र इंजिन, विंच आणि स्पीकरपासून निदान मीटरभर दूर, बोट कमीत कमी हेलकावते अशा मधल्या जागी बसवावे. केबिनमध्ये गाणी वाजवणाऱ्या स्पीकरमध्येही चांगला दणकट चुंबक असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

ही काळजी अतिरेकी वाटत असेल तर अलिबागकडे पाहावे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्या नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली, तीही चुंबकाला न बाधणाऱ्या साहित्याची. ट्राम प्रत्यक्षात धावल्या १९०७ मध्ये. विजेच्या तारांपासून दूर राहण्यासाठी शास्त्रज्ञांनी खाडीपार बिऱ्हाड हलवले. आपल्याला तर केबिनमध्ये हातभर सरकायचे आहे.

जीपीएस असताना होकायंत्राची इतकी मातब्बरी कशाला, असा आक्षेप येतो. जीपीएस बोट कुठे आहे आणि कोणीकडे सरकते आहे हे सांगते. तिचे तोंड कुठे आहे, हे त्याला कळत नाही. जाळे टाकून बोट प्रवाहाबरोबर आडवी वाहत असते तेव्हा या दोन दिशा वेगळ्या असतात, आणि ऑटोपायलटला लागते ती तोंडाची दिशा. दोन अँटेनांची, उपग्रहांवर चालणारी होकायंत्रे ही अडचण सोडवतात, पण त्यांची किंमत लहान मालकाच्या आवाक्याबाहेर आहे. लाकडी बोटीला लोखंडाची भीती नाही, हा समजही अर्धाच खरा. इंजिन आणि विंच असतातच, शिवाय ट्रॉलिंगचे लोखंडाने मढवलेले बोर्ड कधी बोटीवर असतात, कधी पाण्यात. पोलादी बोटीवर मात्र नुसत्या अंतराने भागत नाही, तिथे यंत्र उंच डोलकाठीवर न्यावे लागते आणि जाणकारही लागतो. राहिला खर्चाचा आक्षेप. पीळ दिलेल्या तारेला आणि थोड्या जास्त केबलला लागणारे पैसे यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. सरकारी अनुदानातून जिथे उपकरणे मिळतात, तिथे बसवणी आणि चाचणीचा खर्चही त्यातच धरला पाहिजे.

पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर असतात, वायरिंगची कामे तेव्हाच निघतात. मालकांना एकच विनंती आहे. बोट पाण्यात उतरवल्यावर धक्क्याला घट्ट बांधा, इंजिन सुरू करा आणि दिवे, पंप, वायपर, व्हीएचएफ एकेक करून चालू-बंद करत होकायंत्राच्या आकड्याकडे पाहा. बोट जागेवर असताना बटणासरशी आकडा हलला, तर वायरमनला परत बोलवा आणि त्याचे उरलेले पैसे तोवर देऊ नका.