भाग्यपत्रिका नको, वेळापत्रक हवं!

शिरूर-दौंड तालुक्यांतल्या महाविद्यालयीन कबड्डीपटूंनो, क्रीडाशिक्षकांनो आणि पालकांनो,

बाद पद्धतीत सोळा संघ उतरले की एकूण पंधरा सामने होतात आणि आठ संघ एकच सामना खेळून परततात. कागदावर हे फार सुटसुटीत दिसतं. एक मैदान, दोन दिवस, चार पंच, मंडपवाल्याचं बिल आणि समारोपाचं भाषण. त्या आठांपैकी एखादा संघ आपल्या भागातून लोणावळ्याला नाहीतर इंदापूरला गेलेला असतो, हे मात्र त्या कागदावर कुठेच दिसत नाही. पहाटेची क्रूझर, शिक्रापूरपर्यंत कंपन्यांच्या बसगाड्यांमागची रांग, मग वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. सुरुवातीलाच एक लोण बसला की सामना हातचा गेलाच. वर्षभर मैदान झिजवून पोरांच्या वाट्याला चाळीस मिनिटं येतात. राखीव खेळाडूंच्या वाट्याला तीही येत नाहीत.

आम्ही हे पत्रक काढतोय ते रडगाणं गायला नाही. आमची मागणी साधी आहे. विभाग नव्याने आखा, बाद फेरीआधी साखळी ठेवा, आणि त्या साखळीचं वेळापत्रक जूनमध्येच हातात द्या.

आंतरमहाविद्यालयीन खेळांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे चार विभाग आहेत: पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक. पुणे जिल्हा म्हणजे शहर सोडून उरलेलं सगळं. जुन्नर त्यात, भोर त्यात, बारामती त्यात, मावळ त्यात आणि आपणही त्यात. महसूल खात्याला हा नकाशा सोयीचा असेल, पण कबड्डीच्या संघाला तलाठ्याचा दाखला काढायचा नसतो. शिरूरमध्ये उभं राहून बघा. घोडनदीचा पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा लागतो. पारनेर आणि श्रीगोंदा हे शेजारचे तालुके. तिथली पोरं आपल्या बाजाराला येतात, आपल्या एमआयडीसीत कामाला येतात, गावच्या जत्रेतल्या कबड्डीत आपल्याशी भिडतात. विद्यापीठाच्या स्पर्धेत मात्र त्यांचा विभाग वेगळा. त्यांच्याशी गाठ पडायची तर आधी दोघांनीही आपापला विभाग पार करावा लागतो. आणि ज्या लोणावळ्याशी आपलं वर्षभरात काही घेणंदेणं नसतं, ते आपले विभागबंधू!

सीमा बदलत नसतात, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. १९४९ साली हे विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याच्या कक्षेत बारा जिल्हे होते. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे गेले. १९९० साली जळगावचं विद्यापीठ झालं, खानदेश गेला. उरले तीन. राज्याच्या कबड्डीतही एके काळी अख्ख्या पुणे जिल्ह्याचा एक संघ असे. आता पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड असे वेगवेगळे संघ उतरतात. गरज पडली तेव्हा सगळ्यांनी रेघा पुसल्या. आमच्या रेघेवरच तेवढी शाई पक्की का?

पण नुसत्या रेघा हलवून भागत नाही, आणि हेही ठणकावून सांगायला हवं. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचं काय झालं ते पाहा. पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांची शंभर वर्षांहून जुनी परंपरा असलेली साखळी होती. टीव्हीच्या पैशाने ती दोन वर्षांत फोडली. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं निघाली आणि बिग टेन नावाच्या साखळीत गेली, जिचे सामने दाखवण्याचा सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या वर झाला होता. नावात दहा, संघ आता अठरा. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या साखळीत जाऊन बसलं. मधे अख्खा देश पसरलेला. बारापैकी दहा गेले आणि २०२४ चा हंगाम उजाडला तेव्हा मूळ साखळीत फक्त दोघं उरले होते. खेळणारी पोरं विद्यार्थी आहेत, त्यांना सोमवारी वर्गात बसायचंय, हे करार करताना कुणाच्या डोक्यात नव्हतं. आपल्याकडे टीव्हीचा पैसा नाही, म्हणून ती चैन नाही. पण विद्यार्थ्याला विचारायचं नाही ही खोड मात्र तीच आहे.

घरचं उदाहरण घ्या. प्रो कबड्डी २०१४ साली आठ संघांनी सुरू झाली. २०१७ साली चार नवे संघ आले, बारा झाले, आणि लगेच सहा-सहाचे दोन गट पाडले. प्रत्येक संघाला बावीस सामने: पंधरा आपल्या गटात, सात बाहेर. म्हणजे पुणेरी पलटण आणि यू मुंबा तीन-तीनदा समोरासमोर. प्रेक्षक खूश, पण गट तगडा की दुबळा यावर संघाचं नशीब ठरू लागलं. गंमत अशी, की बारा संघांनी प्रत्येकाशी दोनदा खेळायचं म्हटलं तरी प्रत्येकी सामने बावीसच होतात! २०१९ साली तसंच केलं. दोन हंगाम जे गट पाडले, त्यांनी प्रवास तरी वाचवला का? नाही. त्या लीगमध्ये सगळा तांडा मिळून एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो. गटांचा उपयोग रस्ता वाचवायला असतो. जिथे रस्ता वाचत नाही तिथे गट पाडले, आणि जिथे रस्ता पोरांचा जीव काढतो तिथे अख्खा जिल्हा एका दावणीला बांधला. ही उलटी गंगा आम्हाला मान्य नाही.

आता आमची योजना. शिरूर, तळेगाव ढमढेरे, न्हावरे, केडगाव, दौंड आणि घोडनदीपलीकडची जवळची महाविद्यालयं मिळून नऊ संघांचा एक गट धरा. न्हावरे-चौफुला रस्ता आणि नगर रस्ता या दोन रस्त्यांवर हा गट बसतो, शिवाय दौंडला रेल्वे आहे. नऊ संघांनी प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर छत्तीस सामने होतात. ‘छत्तीस? मग कॉलेज कधी?’ असा प्रश्न लगेच येईल. उत्तर आहे चार शनिवार. दर शनिवारी तीन मैदानं, प्रत्येक मैदानावर तीन संघ, आणि तिथे त्या तिघांचे आपसातले तीन सामने. संघांना एक ते नऊ क्रमांक द्या:

पहिला शनिवार: १-२-३, ४-५-६, ७-८-९
दुसरा शनिवार: १-४-७, २-५-८, ३-६-९
तिसरा शनिवार: १-५-९, २-६-७, ३-४-८
चौथा शनिवार: १-६-८, २-४-९, ३-५-७

पेन्सिल घ्या आणि तपासा. कोणतीही जोडी दोनदा येत नाही, कोणतीही राहत नाही. प्रत्येक संघाला आठ सामने मिळतात आणि चारच दिवस मोडतात. सामने दहा, बारा आणि दोन वाजता लावले तर लागोपाठ खेळणाऱ्या संघालाही तासाभराची उसंत मिळते आणि अंधार पडायच्या आत पोरं घरी येतात. मुलींच्या संघांना पाठवताना घरचे का कचरतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या शेवटच्या ओळीचं मोल वेगळं सांगायला नको.

संघ वाढले तर? वाढू देत. १८५० साली टॉमस कर्कमन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने एक कोडं छापलं. पंधरा मुली सात दिवस तिघी-तिघींच्या ओळीत फिरायला जातात. कोणत्याही दोघी एका ओळीत दुसऱ्यांदा येणार नाहीत अशा ओळी लावा. ते कोडं सुटलेलं आहे. मुलींच्या जागी संघ ठेवले की पंधरा संघांची पूर्ण साखळी सात शनिवारांत बसते: पाच मैदानं, १०५ सामने, प्रत्येकाला चौदा. गणिताच्या प्राध्यापकांना विचारा, ते आनंदाने मांडून देतील. त्यांना क्रीडा विभागातून कधी कुणी काही विचारतच नाही.

सोळा संघ झाले तर अमेरिकेतल्याच एका साखळीची तोड घ्यायला आमची हरकत नाही. तिथे २०२६ पासून प्रत्येक संघाने तीन शेजारी कायमचे धरायचे आणि बाकीच्या बारांपैकी सहा एका वर्षी, सहा पुढच्या वर्षी खेळायचे असं ठरलं. सामने नऊच, तरी दोन वर्षांत सगळ्यांशी गाठ पडते आणि जुनी खुन्नसही टिकते. खुन्नस टिकलीच पाहिजे, त्याशिवाय मैदानाला गर्दी होत नाही.

पैशाचा मुद्दा निघणारच. चार शनिवारांचा प्रवास एका लांबच्या खेपेपेक्षा महाग पडेल, असं म्हणतील. काही संघांना पडेलही, ते लपवत नाही. पण पन्नास किलोमीटरच्या आतला प्रवास एसटीने होतो, मुक्काम लागत नाही, मंडप लागत नाही, आणि खर्चाला सामन्यांच्या संख्येने भागलं की आजची पद्धत किती उधळी आहे ते कळतं. पंचांचा प्रश्न खरा आहे. तिथे परिसरातल्या जुन्या खेळाडूंनी पुढे यायला हवं, आणि पंचांचं मानधन स्पर्धेच्या दिवशीच द्यायला हवं.

बाद फेरी नको असं आमचं म्हणणं नाही. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जाऊ देत, तिथे बाद पद्धतीने निकाल लागू देत. तिथे हरलेला संघ आधीचे आठ सामने खेळून हरलेला असेल आणि निवड समितीला खेळाडू आठ वेळा दिसलेला असेल. एका सकाळच्या एका चुकलेल्या पकडीवर कुणाचा विद्यापीठाचा ब्लेझर जाणार नाही.

म्हणून प्रत्येक खेळाडूने आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना हे पत्रक द्यावं आणि तीन गोष्टी लेखी मागाव्यात: घोडनदीपलीकडच्या महाविद्यालयांना आपल्या गटात खेळू देण्याचा प्रस्ताव विद्यापीठाकडे कधी जाणार, आपलं मैदान कोणत्या शनिवारी यजमान होऊ शकतं, आणि जूनमध्ये वेळापत्रक लावायला काय अडचण आहे. प्राचार्यांची सही असलेलं उत्तर आलं, की त्याची प्रत रांजणगावला आमच्याकडे पोहोचवा. पुढच्या पत्रकात सगळी उत्तरं जशीच्या तशी छापू. उत्तर आलं नाही, तर तेही छापू.

– शिरूर व दौंड तालुक्यांतील आजी-माजी कबड्डीपटू आणि पालक, रांजणगाव