हेवी लायसनच्या परीक्षेला काय वाचायचं? काहीच नाही!

गेल्या आठवड्यात आमच्या आळीतला एक पोरगा संध्याकाळी घरी आला. वय एकवीस. वडील वीस वर्षं ऊसवाहतुकीच्या ट्रकवर होते, आता गुडघे गेले. घराचा हप्ता चालू आहे. पोराकडे कारचं लायसन आहे, वर्षाच्या वर झालं. आता हेवी काढायचं म्हणतो. दारातच उभा राहून विचारलं, "काका, तुम्ही पेपरवाले. हेवीच्या परीक्षेला काय वाचायचं ते सांगा. पुस्तक असेल तर द्या, झेरॉक्स काढून परत देतो."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. या गावात लायसनसाठी "कोणाला भेटू?" असं विचारणारे शंभर भेटलेत, "काय वाचू?" असं विचारणारा पहिला. म्हटलं, दोन दिवस दे, शोधून सांगतो.

शोधलं. आणि लाज वाटली.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला नियम ११ हा शिकाऊ परवान्याच्या चाचणीचा. चार विषय आहेत: वाहतुकीची चिन्हं आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर ड्रायव्हरची कर्तव्यं, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग, आणि गाडीत ठेवायची कागदपत्रं. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. आपल्याकडे पंधरात नऊ. इथवर सगळ्यांना माहीत आहे.

आता त्याच नियमाचा पुढचा भाग वाचा. ज्याच्याकडे चालू लायसन आहे, त्याला ही चाचणी लागूच नाही. आणि मालवाहू गाडीच्या शिकाऊ परवान्यासाठी कायद्यानेच आधी एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन असावं लागतं. म्हणजे हेवीसाठी अर्ज करणारा जवळपास प्रत्येक जण आपोआप सुटला! अठराव्या वर्षी स्कूटर नाहीतर कारसाठी कॉम्प्युटरवर जी पंधरा बटणं दाबली, त्याच विद्येवर तो पुढे बारा टायरची गाडी घाटात घालणार. एअर ब्रेकवर एक प्रश्न नाही. लोड बांधण्यावर नाही. घाट उतरण्यावर नाही.

पोराला काय सांगू? बाळा, वाचायला काही नाही, कारण विचारणारच कोणी नाही.

कोणी म्हणेल, पत्रकारसाहेब, प्रॅक्टिकल टेस्ट असते की. असते. महिन्याला तालुक्याच्या आरटीओ कॅम्पला जाऊन उभे राहा आणि एकेका गाडीला किती मिनिटं मिळतात ते स्वतःच्या घड्याळात बघा. मी बघितलंय. चहा गार व्हायच्या आत तिसऱ्याचा नंबर लागतो. अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, समोर रांगच तेवढी असते. पण एवढ्या वेळात पोराला उतारावर कुठला गिअर लागतो हे कळतं का, ते कसं समजणार?

मग दुसरं कोणी म्हणेल, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म पाच. बरोबर. त्यासाठीचा नियम ३१ तर फार सुंदर आहे. जड वाहनाचं शिक्षण किमान ३० दिवस, त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर १५ तास. अभ्यासक्रमात इंजिनाची माहिती आहे, देखभाल आहे, आग लागली तर काय करायचं आहे, प्रथमोपचार आहे, लोकांशी बोलायचं कसं हेसुद्धा आहे. कागदावर असा ड्रायव्हर तयार होतो की त्याला सलाम ठोकावा. मी आसपासच्या तीन क्लासमध्ये जाऊन एवढंच विचारलं, की हा अभ्यासक्रम मराठीत बघायला मिळेल का? एकाने हसून पाणी दिलं. दुसऱ्याने विचारलं, तुमचं काम कुठं अडलंय ते सांगा. तिसऱ्याकडे हेवीच्या ट्रेनिंगची गाडीच नव्हती, सर्टिफिकेट मात्र होतं. भाव सगळ्या गावाला ठाऊक आहे, मी लिहून वाढवत नाही.

आता मूळ मुद्दा. मालक मंडळी म्हणतात, पुस्तक वाचून गाडी येत असती तर मास्तर लोकांनीच ट्रक चालवले असते. टाळ्यांचं वाक्य आहे. पण कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता आठवा. तिथे काय काय झालं ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने चाळीसच्या वर गाड्या चेपल्या. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल मारायची ही सवय. कोणी शिकवली? उस्तादाने. उस्तादाला त्याच्या उस्तादाने. उतारावर न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरत नाही, सगळं वजन ब्रेकवर येतं. लायनर तापतात. घाबरून पाय पुन्हा पुन्हा मारला की टाकीतली हवा उतरते. इंजिनच बंद केलं असेल तर कॉम्प्रेसर नवीन हवा भरत नाही, स्टिअरिंगही जड होतं. ही चार वाक्यं आहेत. चौथीच्या पोराला समजतील. ती चार वाक्यं लायसन देण्याआधी एकदा विचारायला सरकारला काय धाड भरली आहे?

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचते. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याच रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याला ट्रकने उडवलं. मी बातमीला गेलो होतो. ड्रायव्हर पळाला. दीड दिवसाने सापडला, उसाच्या फडात बसून होता, अंगावर पात्याचे ओरखडे, पाण्याशिवाय. वय बावीस. पोलिसांच्या गाडीत बसताना मला म्हणाला, "साहेब, थांबलो असतो तर लोकांनी मारूनच टाकलं असतं." खोटं नव्हतं ते. जमलेली गर्दी मीही बघितली होती.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ काढून वाचा. जखमीला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी ड्रायव्हरची आहे, पण संतप्त जमावामुळे ते शक्य नसेल तर कायदा स्वतःच तशी सूट देतो. फक्त जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन कळवायचं, लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत. म्हणजे कायदा त्या पोराला सांगत होता, जीव वाचव, पण फडात नको, ठाण्यात जा. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. नियम ११ च्या यादीत हा विषय आहे म्हणा, पण पंधरा प्रश्नांत तो आला तर आला, आणि आला तरी चुकवून पास होता येतं.

जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, पंपावर रांगा लागल्या, आपण सगळे त्या रांगेत होतो. कशासाठी? नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली म्हणून. ते कलम सरकारला थांबवून ठेवावं लागलं. शिक्षा कडक करायला एक दिवस पुरला. काय केलं तर शिक्षा होत नाही, हे शिकवायला मात्र एवढ्या वर्षांत कोणाला वेळ मिळाला नाही.

परीक्षा अवघड केली तर ड्रायव्हर मिळणार नाहीत, ही ओरडही मला माहीत आहे. २०१९ मध्ये केंद्राने आठवी पासची अट काढली, तेव्हा देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत असं सांगितलं होतं. अट काढली ते चांगलंच झालं, मी तेव्हाही हेच लिहिलं होतं. शाळा सुटलेल्या माणसाला रोजगार का नको? पण शाळेचा दाखला काढला म्हणून ज्ञानही काढून टाकायचं का? ज्याला वाचता येत नाही त्याला तोंडी विचारा, हेडफोनवर मराठीत ऐकवा. अमेरिकेत ट्रकच्या लेखी चाचणीला ८० टक्के लागतात. एअर ब्रेकचे प्रश्न वेगळे, टँकरचे वेगळे, धोकादायक मालाचे वेगळे. आणि ज्यातून प्रश्न येतात ते पुस्तक तिथली राज्यं फुकट देतात. तिथले ड्रायव्हर काय आकाशातून पडलेत?

आपल्याकडे जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो. गुलाबाचं फूल, डोळे तपासणी, बॅनरवर साहेबांचा फोटो. मी दरवर्षी त्याची बातमी करतो, माझंही पोट आहे. यंदा मात्र आमदारसाहेबांना आणि परिवहन खात्याला लेखी निवेदन देतोय. हेवीच्या शिकाऊ परवान्यासाठी स्वतंत्र चाचणी हवी, ती सूट काढा. नियम दिल्लीत बदलायचा आहे, तर तिकडे पाठवा. तोवर नियम ३१ चा अभ्यासक्रम मराठीत छापून प्रत्येक क्लासच्या भिंतीवर लावायला तरी लावा, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. सह्या हव्यात. कमेंटमध्ये नाव, गाव लिहा, फोन नंबर लिहू नका.

त्या पोरासाठी एसटीतून रिटायर झालेल्या एका काकांना गाठलंय. त्यांनी वहीत चाळीस प्रश्न लिहून दिलेत. पहिला प्रश्न: सकाळी गाडी चालू केल्यावर हवेचा काटा कुठे आल्याशिवाय गाडी हलवायची नाही? मला उत्तर आलं नाही. पोराने वडिलांना विचारलं, ते म्हणाले, आम्ही आवाजावरनं ओळखायचो.

रविवारी सकाळी नऊला वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसणार आहोत. काका शिकवणार, फी नाही. सध्या चार पोरं आहेत. खोलीत पंधरा मावतात.