टब दिला, पाण्याचं काय?

आमच्या बिल्डरने फ्लॅटमध्ये बाथटब दिलाय आणि वर गीझर १५ लिटरचा! म्हटलं, हिशोब तरी करू. टबला लागतं १५० लिटर. गीझरमधलं ६० अंशांचं पाणी २० अंशांच्या गार पाण्यात मिसळलं की ४० अंशांचं मिळतं जेमतेम ३० लिटर. म्हणजे पाच वेळा तापवा. २ किलोवॅटवर दर वेळी वीसेक मिनिटं! तोवर आधीचं गार.

बरं, तेही सोडा. नळातून थेट ६० अंशांचं आलं तर काही सेकंदांत कातडी भाजते राव, आणि घरात तीन वर्षांची पोर आहे. थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवून द्या म्हटलं, तर साहेब म्हणतात, "अहो, हात लावून बघायचं ना!" ब्रोशरवर 'लक्झरी' छापताना नाही सुचलं हे?

असो. मिक्सर मीच पदरच्या पैशाने बसवतोय. टबात सध्या चादरी भिजतात.