रिठदच्या खासदार, रिठदला मत नाही

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं रिठद हे भावना गवळींचं गाव. वडील पुंडलिकराव 1996 मध्ये शिवसेनेच्या तिकिटावर वाशीमचे खासदार झाले. तीन वर्षांनी लेक त्याच जागेवरून दिल्लीत गेली. तेव्हा ती जेमतेम पंचविशीच्या आसपास होती. 1999 ते 2019 अशा सलग पाच लोकसभा निवडणुका तिने जिंकल्या. 2014 मध्ये शिवाजीराव मोघे, 2019 मध्ये माणिकराव ठाकरे. हरलेले हे दोघेही काँग्रेसचे मुरब्बी नेते. घराण्याची पुण्याई पहिल्या निवडणुकीला पुरते, पाचव्या नाही.

यातली एक गंमत मात्र फारसं कुणी बोलून दाखवत नाही. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत वाशीम लोकसभा मतदारसंघ संपला, यवतमाळ-वाशीम तयार झाला आणि रिसोड विधानसभा मतदारसंघ अकोला लोकसभेला जोडला गेला. म्हणजे 2009 पासूनच्या तिन्ही विजयांत रिठदकरांच्या मताला जागाच नव्हती. ताई गावच्या, पण गावाचा खासदार दुसराच.

2022 मध्ये शिवसेना फुटली. गवळी एकनाथ शिंदेंसोबत गेल्या. त्याआधीच्या वर्षी त्यांच्याशी संबंधित संस्थांवर ईडीचे छापे पडले होते, त्यामुळे विरोधकांना आयता मुद्दा मिळाला. या पंचवीस वर्षांचा आणि त्या पक्षबदलाचा हिशेब 2024 मध्ये मतदारांनी मांडायचा होता. पण पक्षाने तिकीटच कापलं. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील उभ्या राहिल्या आणि ठाकरे गटाच्या संजय देशमुखांनी त्यांना हरवलं. गवळी हरल्या असत्या की जिंकल्या असत्या, हे सांगण्याचा हक्क मतदारांचा होता. तो मुंबईतल्या बैठकीत परस्पर निकाली निघाला.

मग भरपाई. 12 जुलै 2024 ला विधान परिषदेच्या 11 जागांसाठी आमदारांनी मतदान केलं. शिंदे सेनेने दोन नावं दिली होती: भावना गवळी आणि कृपाल तुमाने. रामटेकच्या तुमानेंचंही लोकसभेचं तिकीट कापलेलं. दोघेही निवडून आले. पुढे ऑक्टोबरमध्ये हेमंत पाटीलही राज्यपालनियुक्त आमदार झाले. ज्येष्ठांचं सभागृह म्हणवणाऱ्या परिषदेत रुसवे काढण्याची सोय इतकी उघडपणे होत असेल, तर तिच्या 78 जागा कशासाठी आहेत, हे विचारायलाच हवं.

त्याच नोव्हेंबरात गवळी रिसोडमधून विधानसभेला उभ्या राहिल्या. पाच वेळच्या खासदार पुनर्रचनेनंतर पहिल्यांदा घरच्या तालुक्याचा कौल मागत होत्या. झनक घराण्याच्या तिसऱ्या पिढीतले, काँग्रेसचे अमित झनक निवडून आले. अपक्ष अनंतराव देशमुख दुसरे आणि गवळी तिसऱ्या.

आमदारकीला यानं धक्का लागला नाही. परिषदेची जागा होतीच. जिंकल्या असत्या तर ती सोडावी लागली असती, हरल्या म्हणून राहिली. यात नियमभंग काहीच नाही आणि दोष एकट्या गवळींचाही नाही. पडलेल्याला परिषदेत पाठवण्यात कुठलाच पक्ष मागे नाही. पण परिषदेत बसून विधानसभेला उभं राहणाऱ्याने अर्ज भरण्याआधी जागा सोडावी, एवढा नियम करणं अवघड नाही. गवळींची परिषदेची मुदत जुलै 2030 पर्यंत आहे. त्याआधी 2029 ची विधानसभा निवडणूक येईल, आणि आजच्या नियमाप्रमाणे ती त्यांना जागा न सोडता पुन्हा लढवता येईल.