दोन उत्तरांचा निरोप

परवा भाचा धाराशिवला आला होता. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे जेवताना एक हात ताटात आणि दुसरा मोबाइलवर. म्हणाला, "मामा, आता क्वांटम टेलिपोर्टेशन येणार. टॉवर नको, केबल नको. इकडचा डेटा तिकडे, क्षणात!"

म्हटलं, बाबा, जेव आधी. मग बोलू.

कारण हा गैरसमज माझाही होता. नावच असं की वाटतं, वस्तू इथून गायब आणि तिथे हजर. प्रत्यक्षात वस्तू जात नाही, तिची स्थिती जाते. ही कल्पना चार्ल्स बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. एकमेकांत गुंतलेले दोन प्रकाशकण घ्यायचे. एक आपल्याकडे ठेवायचा, दुसरा दूरच्या गावी पाठवायचा. ज्या तिसऱ्या कणाची स्थिती पाठवायची, त्याची आपल्याकडच्या कणाबरोबर एकत्र मोजणी करायची. या मोजणीत मूळ स्थिती पुसली जाते आणि चारपैकी एक उत्तर मिळतं, म्हणजे दोन बिट. ते उत्तर तिकडच्या माणसाला कळलं की तो आपल्या कणावर त्याप्रमाणे क्रिया करतो आणि मूळ स्थिती तिथे तयार होते.

खरी गंमत पुढेच आहे. ते दोन बिट जाणार कसे? साध्या मार्गानेच! फोनने, केबलने, रेडिओने. ते पोचेपर्यंत तिकडच्या माणसाच्या हातात कण असूनही त्याला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे 'क्षणात' वगैरे काही नाही. निरोप प्रकाशाच्या वेगापुढे जातच नाही.

हे वाचलं आणि मला तेच १९९३ साल आठवलं. त्या वर्षी गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. आम्ही तेव्हा पुण्यात. आत्या लोहाऱ्याकडच्या एका खेड्यात. बातमी ऐकली आणि दादा एसटीडी बूथवर जाऊन बसले. दिवसभर लाइन लागेना. रात्रीच्या एसटीने निघायचं ठरलं, पण सोबत न्यायचं काय? प्रश्न दोनच. आत्या आहे का? घर आहे का? त्यातून चार शक्यता निघत होत्या, आणि प्रत्येकीची तयारी वेगळी. आई पिशवी भरायची, पुन्हा रिकामी करायची. रात्री आठच्या सुमारास शेजाऱ्यांकडे फोन आला. जखमींना घेऊन सोलापूरला आलेला गावचाच एक माणूस बोलत होता. "आत्याबाई आहेत. घर गेलं."

झालं! आईने दहा मिनिटांत ताडपत्री, घोंगड्या, पातेली, पीठ सगळं बांधलं. नातं तर जन्मापासूनचं होतं. पण हात हलले ते त्या दोन उत्तरांनी.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस विज्ञानाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रियात आन्टोन झायलिंगर यांच्या गटाने हा प्रयोग करून दाखवला. त्यांना २०२२ चं नोबेल विभागून मिळालं. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जमिनीवरून उपग्रहापर्यंत, १४०० किलोमीटरपर्यंत तो केला. आपल्या सरकारनेही २०२३ मध्ये ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. उद्याचे क्वांटम संगणक एकमेकांना जोडायला ही विद्या लागणारच आहे. पैसा घाला, जरूर घाला.

पण मला सगळ्यात भावला तो २०२४ चा अमेरिकेतला प्रयोग. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ३० किलोमीटर फायबरमधून, म्हणजे जवळपास तुळजापूर ते नळदुर्ग एवढ्या अंतरातून टेलिपोर्टेशन झालं. आणि त्याच फायबरमधून त्याच वेळी साधा इंटरनेटचा डेटाही वाहत होता! म्हणजे नवी विद्या जुन्या तारेला हाकलून देत नाही, तिच्याच सोबतीने चालते.

म्हणूनच भाच्याचं "केबल नको" मला खटकलं. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पूर आला, तेव्हा तिकडच्या पाहुण्यांचा फोन आम्हाला दीड दिवस लागला नाही. हातात स्मार्टफोन, आणि मी मात्र दादांसारखाच बूथवर बसलेलो. त्यावरचा उपाय टेलिपोर्टेशन नाही. टॉवरला दोन दिवस पुरेल अशी बॅटरी, गावाला येणारी दुसरी पर्यायी लाइन, आणि तार तुटली की त्याच दिवशी जोडणारा माणूस, हा आहे. यात कुणाला नोबेल मिळणार नाही. पण 'भविष्यात सगळं बदलणारच आहे' म्हणून ही कामं मागे ठेवली, तर ते भविष्य आपल्या तालुक्यात उतरणार कशावर?

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. "पॉइंट आहे मामा," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेला. पोचल्यावर फोन करायला अर्थातच विसरला. संध्याकाळी आईनेच लावला.

"पोचलास का?"

"पोचलो, आजी."

एका बिटाचं काम. पण त्यानंतरच आई जेवायला बसली.