गाव आधी, महाविद्यालय मागाहून?

बारावीचा निकाल लागला की कोकण विभागीय मंडळ राज्यात पहिले आल्याचे वृत्त झळकते. २०२५ साली राज्याचा निकाल ९१.८८ टक्के, तर कोकणाचा ९६.७४ टक्के लागला. या यशाचे पेढे संपण्यापूर्वीच रत्नागिरीतील मध्यमवर्गीय घरांत ठरावीक प्रश्न सुरू होतो, ‘पुणे की मुंबई?’ रत्नागिरी हे उत्तर त्या प्रश्नात बसतच नाही. कोणता विषय, कोण शिकवणार, प्रयोगशाळा कशी आहे, ही चौकशी होण्याआधी गाव ठरते आणि मग त्या गावात मिळेल ते महाविद्यालय पदरात पाडून घेतले जाते. हा क्रमच मुळात उफराटा आहे.

याच्या समर्थनार्थ थोरांचे दाखले दिले जातात. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले, मुर्डीचे रघुनाथ परांजपे केंब्रिजला जाऊन १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले. मग आमच्या मुलांनीच का घरी बसावे? दाखले खरे आहेत, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. कर्वे गेले, कारण जवळ सोय नव्हती. परांजपे गेले ते गणितासाठी, आणि परतले ते फर्ग्युसनमध्ये शिकवण्यासाठी. दोघांनीही विद्येसाठी गाव सोडले. आज विद्या मागे राहते आणि केवळ गाव सोडले जाते.

रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने १९४५ साली महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे, त्याच्या अखत्यारीतील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ चे. फिनोलेक्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून चालू आहे. २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. अभियांत्रिकीची पदवी येथे घेतली तरी ती मुंबई विद्यापीठाचीच असते. मुंबईच्या उपनगरातील एखाद्या सामान्य महाविद्यालयात प्रवेश घेऊन, पदवी त्याच विद्यापीठाची मिळवून, वर लोकलच्या गर्दीत रोज दोन-तीन तास घालवून मुलाने नेमके काय मिळवले, हे कोणी सांगेल काय?

यावर ‘शहरात व्यक्तिमत्त्व घडते’ असे उत्तर मिळते. शहराचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत किंवा पुण्याच्या जुन्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळत असेल, अथवा हवा तो विषय जिल्ह्यात शिकवलाच जात नसेल, तर मुलाने अवश्य जावे. कर्ज काढावे लागले तरी पालकांनी पाठवावे. आक्षेप जाण्याला नाही, चौकशीवाचून जाण्याला आहे. एके काळी मुंबईच्या मनीऑर्डरवर कोकणातील घरे चालत. आता आंब्याच्या हंगामाचा पैसा पुण्यातील खोलीभाड्यात आणि खाणावळीत जिरतो. त्या मोबदल्यात उत्तम अध्यापन मिळत असेल तर खर्च सार्थकी लागला. नुसता पत्ता मिळत असेल तर ती उधळपट्टी होय.

या आग्रहाची आणखी एक बाजू आहे, आणि ती अधिक लाजिरवाणी आहे. त्याच घरातील मुलीची बारावी झाली की वडिलांना एकाएकी रत्नागिरीची महाविद्यालये चांगली दिसू लागतात. ‘घरून जाऊन-येऊन होईल, काय वाईट आहे?’ स्थानिक महाविद्यालय खरोखर चांगले असेल तर ते मुलालाही चांगले आहे. ते निकृष्ट असेल तर मुलीच्या माथी का? एकाच घरात दोन मापे वापरणाऱ्यांनी शिक्षणाचा विचार केलेला नसतो. मुलाच्या बाबतीत प्रतिष्ठेचा आणि मुलीच्या बाबतीत केवळ सोयीचा विचार केलेला असतो.

येथील संस्थाचालकांनीही स्वस्थ बसू नये. प्राध्यापकांची पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर वर्ग उरकले जात असतील, प्रयोगशाळेच्या कपाटांना कुलपे असतील, तर पालकांना दोष देण्याचा अधिकार त्यांना नाही. शासनाने भरती रोखून धरायची आणि नंतर ग्रामीण महाविद्यालयांचा दर्जा घसरल्याची ओरड करायची, हा दुटप्पीपणाही थांबला पाहिजे. परंतु गुणी विद्यार्थी आणि जागरूक पालक दोघेही निघून गेले, तर या संस्थांना जाब विचारणार कोण?

म्हणून पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन महाविद्यालयात एक दिवस घालवावा. निवडलेल्या विषयाला पूर्णवेळ अध्यापक किती, हे विचारावे. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, प्रात्यक्षिके प्रत्यक्ष होतात की वहीत उतरवली जातात, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून जाणून घ्यावे. तांत्रिक महाविद्यालयांना आपली माहिती संकेतस्थळावर जाहीर करावीच लागते, ती वाचावी. शुल्कात निवासाचा आणि भोजनाचा खर्च मिळवून चार वर्षांची बेरीज मांडावी. हेच प्रश्न पुण्यात विचारावेत, मुंबईत विचारावेत आणि रत्नागिरीतही विचारावेत. उत्तरे जेथे समाधानकारक मिळतील तेथे प्रवेश घ्यावा, मग ते महाविद्यालय घाटावर असो वा घरापासून हाकेच्या अंतरावर.