स्वातंत्र्याला धोका : दूरचा आणि जवळचा

व्यक्तिस्वातंत्र्याला सर्वांत मोठा धोका कोणापासून, असे विचारले असता सुशिक्षित माणूस बहुधा शासनाकडे बोट दाखवतो. ते निराधार नाही. १ जानेवारी २०१८ रोजी शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला. आदल्या दिवशी पुण्यात भरलेल्या एल्गार परिषदेशी तो जोडून जो खटला उभा राहिला, त्यात येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. कंपवाताने जर्जर झालेले हे ८४ वर्षांचे धर्मगुरू ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतील रुग्णालयात, जामिनाच्या प्रतीक्षेत असतानाच निवर्तले. त्यांच्यावरील आरोपांची सुनावणी सुरूही झाली नव्हती.

तथापि, दौंड तालुक्यातील भांडगावसारख्या गावात राहणाऱ्या माणसाचा शासनाशी संबंध अधूनमधून येतो. भावकीशी आणि शेजाऱ्यांशी रोज येतो. उसाला पाणी, मुलीची सोयरीक, मयताला चार खांदे, हे सारे इतरांच्या सहकार्यावर चालते. हे सहकार्य हेच गावाचे बळ. परंतु तेच शस्त्र म्हणून उगारले गेले, तर माणसाला तुरुंगात न टाकताही बंदिवान करता येते. यालाच आपण वाळीत टाकणे म्हणतो.

२०१३ साली नाशिकमध्ये जातीबाहेर विवाह केलेल्या गर्भवती मुलीची पित्यानेच हत्या केली. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. मोहीम मात्र थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला निकाली काढावा, असेही त्यात म्हटले आहे.

धर्मसंस्थांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्येच बहिष्कृतीवर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला. धर्माच्या कारणावरून सभासदाला वगळणे हा धर्मसमूहाच्या स्वायत्ततेचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी भिन्न मत नोंदवले : बहिष्कृताचे नागरी जीवनच हिरावले जाते, हे त्यांना मान्य नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला.

ख्रिस्तसभेच्या नियमांतही बहिष्कृती आहे. म्हणून भेद स्पष्ट करणे आपले कर्तव्य ठरते. संस्कारांत कोणी सहभागी व्हावे, हे धर्मसभा ठरवू शकते. त्या माणसाच्या दुकानात कोणी जावे, त्याच्या मुलांशी कोणी बोलावे, हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. धर्मस्वातंत्र्यावरील दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या १९६५ च्या जाहीरनाम्याने व्यक्ती, समाजगट आणि कोणतीही मानवी सत्ता या तिन्हींच्या सक्तीपासून माणूस मुक्त असावा, असे सांगितले आहे. समाजगटाचा त्यातील उल्लेख आपण सहसा विसरतो.

भांडगावहून चौफुल्यामार्गे जवळच असलेल्या केडगावात याची साक्ष उभी आहे. मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांनी १८८० साली जातीबाहेर विवाह केला आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुण्यातील शारदा सदनात मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये वादळ उठले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. पालकांची काळजी समजण्याजोगी होती. परंतु हेही ध्यानात घ्यावे की, ज्या इंग्रज धर्मभगिनींनी रमाबाईंना आश्रय दिला, त्यांच्याही हाती आपला सद्सद्विवेक सोपवण्यास त्यांनी नकार दिला. स्वकीय आणि स्वधर्मीय, दोघांपुढेही त्या ताठ उभ्या राहिल्या.

प्रत्येकाला रमाबाईंचे धैर्य कोठून असणार? म्हणूनच कायदा आहे. पीडित व्यक्ती किंवा तिचे कुटुंबीय पोलीस ठाण्यात अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतात. मात्र साक्षीदार गप्प राहिले तर कायदा पांगळा होतो, आणि साक्षीदार म्हणजे आपणच. शासनाच्या अन्यायाविरुद्ध सभेत बोलणे आवश्यकच आहे. परंतु वाळीत टाकलेल्या घराच्या ओट्यावर जाऊन चहा घेणे हे कदाचित त्याहून अवघड आहे. आपल्या गावात आणि आपल्या धर्मग्रामात हे अवघड काम कोण करणार, हा प्रश्न प्रत्येक वाचकाने स्वतःला विचारावा.